दुसऱ्याची क्लिप, आपला विनोद: व्हिडिओ समीक्षकाचा धंदा कसा चालतो आणि कुठे फसतो

खानदेशाला विनोदी व्हिडिओ नवीन नाहीत. मालेगावच्या छोटूदादाचे व्हिडिओ देशभर चालतात. अहिराणीत सासू-सुना, मानपान आणि लग्नातले रुसवेफुगवे यांवर जगणारे चॅनेल तर गावोगाव आहेत. ही मंडळी प्रसंग स्वतः रचतात आणि स्वतःच करतात. त्यांच्या शेजारी आता दुसरा एक प्रकार उगवलाय. दुसऱ्याचा सिनेमा, दुसऱ्याचं गाणं समोर घ्यायचं, थांबवत थांबवत त्याची चिरफाड करायची आणि ती करताना लोकांना हसवायचं. कुणी त्याला रिव्ह्यू म्हणतं, कुणी रोस्ट, कुणी रिॲक्शन. कॅमेरा तोच, मोबाइल तोच, पण धंदा वेगळा, कारण यात कच्चा माल दुसऱ्याचा असतो. बटईने शेत करणाऱ्याला हे लगेच कळेल: राबणं आपलं, सातबारा दुसऱ्याचा.

इथं भांडण तीन बाजूंनी येतं. ज्याची क्लिप घेतली तो, ज्याच्यावर हसलो तो, आणि आपल्याच टीममधला. पहिल्या दोघांना सगळेच घाबरतात. तिसऱ्याकडे कुणी बघत नाही, आणि जगभर नावाजलेल्या एका विनोदी समीक्षकाचा डाव नेमका तिथंच विस्कटला.

त्याचं नाव डग वॉकर, अमेरिकेचा. २००७ मध्ये त्याने यूट्यूबवर ‘नॉस्टॅल्जिया क्रिटिक’ नावाचं पात्र आणलं. चष्मा, टोपी, सैल लाल टाय, आणि लहानपणी पाहिलेल्या टुकार सिनेमांवर जीव तोडून आरडाओरडा. लोकांना हे फार आवडलं. सिनेमाच्या मालकांना नाही. हक्काच्या तक्रारींवरून व्हिडिओ उडायला लागले, तेव्हा २००८ मध्ये त्याने सोबत्यांसह स्वतःची वेबसाइट काढली आणि व्हिडिओ ब्लिप नावाच्या दुसऱ्या सेवेवर ठेवले. त्याच वर्षी जेम्स रॉल्फ या जुन्या व्हिडिओ गेमांवर शिव्या घालणाऱ्या विनोदवीराशी त्याने लुटुपुटूचं भांडण केलं. दोघांचाही प्रेक्षक वाढला. दोन चॅनेलवाल्यांनी ठरवून एकमेकांवर तुटून पडायची जी रीत आज आपल्याकडे दिसते, ती इतकी जुनी आहे. २०१५ मध्ये ब्लिपच बंद पडलं. आपला माल परक्याच्या गोदामात ठेवला की त्याने कुलूप लावलं त्या दिवशी आपणही रस्त्यावर.

आता काम कसं होतं ते पाहू. समजा साडेचार मिनिटांच्या एका अहिराणी गाण्याच्या व्हिडिओवर दहा मिनिटांचा रिव्ह्यू करायचाय. गाणं तीनदा पाहावं लागतं. पहिल्यांदा न थांबता, फक्त प्रेक्षक म्हणून. दुसऱ्यांदा वही घेऊन: ० मिनिट ४२ सेकंदाला हिरोईनच्या साडीचा रंग बदलला, १ मिनिट १० सेकंदाला मागून ट्रॅक्टर गेला, २ मिनिट ५ सेकंदाला ओठ आणि आवाज वेगळे चाललेत. वेळ लिहिलेली नसेल तर एडिटिंगला बसल्यावर तासभर शोधाशोधीत जातो. तिसऱ्यांदा फक्त गाण्याचं काय चांगलं आहे ते टिपायला. हे टाळणारे पुष्कळ आहेत आणि त्यांचा व्हिडिओ चौथ्या मिनिटाला कंटाळा आणतो. नुसती खोड काढणारा माणूस पारावरही फार वेळ ऐकवत नाही.

बोलण्याचा वेग मिनिटाला साधारण १३० शब्द धरा. दहा मिनिटांपैकी दीड-दोन मिनिटं क्लिपची गेली तर हजार-अकराशे शब्दांची संहिता लागते. ती लिहूनच काढायची. ऐनवेळी सुचलेलं ऐनवेळी छान वाटतं, पण मानहानीची वाक्यंही तिथंच निसटतात. आवाज वेगळा घ्यावा. माइक तोंडापासून वीतभर, पंखा बंद, खिडकीवर आणि समोरच्या भिंतीवर जाड गोधडी. गोधडी घुमणारा आवाज पिते, विकतचा फोम नसला तरी चालतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पंखा बंद करून दुपारी बसणं म्हणजे शिक्षाच, म्हणून रेकॉर्डिंग पहाटे उरकायचं. तेव्हा रस्त्यावरचे हॉर्नही नसतात.

क्लिप चार ते आठ सेकंदांची घ्यायची, थांबवायची, बोलायचं, पुढं जायचं. एक सोपी कसोटी आहे. आपला आवाज काढून टाकला आणि उरलेलं सलग गाणं म्हणून ऐकता आलं, तर तो रिव्ह्यू नाही, ते चोरून केलेलं पुनःप्रक्षेपण आहे.

‘दहा सेकंदांपर्यंत चालतं’ असा नियम गावोगाव सांगितला जातो. असा नियम ना भारताच्या कायद्यात आहे, ना यूट्यूबच्या. ‘सर्व हक्क मूळ मालकाचे’ असं खाली लिहूनही काही होत नाही. आवाजाची पट्टी बदलणं, चित्र उलटं करणं, भोवती चौकट टाकणं ही लपवालपवी आहे. ती कधी मशीनला फसवते, कायद्याला फसवत नाही, उलट ‘हेतू चांगला नव्हता’ याचा पुरावा होऊन बसते.

कायदा काय म्हणतो? १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५२ समीक्षा किंवा परीक्षणासाठी ‘रास्त वापर’ मान्य करतं. किती सेकंद ते सांगत नाही. वापर कशासाठी, किती, आणि मूळ मालाची जागा घेतो का, हे पाहिलं जातं. विडंबनाबद्दल केरळ उच्च न्यायालयाचा १९९६ चा सिव्हिक चंद्रन खटला वकील नेहमी काढतात. एका नाटकाला उत्तर म्हणून त्यातलीच पात्रं आणि संवाद घेऊन प्रतिनाटक लिहिलं गेलं होतं आणि न्यायालयाने ते टीकेच्या बाजूला धरलं. अमेरिकेत २०१७ मध्ये ईथन आणि हिला क्लाइन या विनोदी जोडप्याच्या खटल्याचा निकाल लागला. मूळ व्हिडिओ ५ मिनिटं २४ सेकंदांचा, त्यातली ३ मिनिटं १५ सेकंद यांनी जवळजवळ चौदा मिनिटांच्या व्हिडिओत वापरलेली. म्हणजे निम्म्याहून जास्त! तरी जिंकले, कारण प्रत्येक तुकड्यावर टिप्पणी होती. त्याच निकालात न्यायाधीशांनी हेही बजावलं की सगळे रिॲक्शन व्हिडिओ यात बसत नाहीत, काही म्हणजे टिप्पणीशिवाय केलेलं सामूहिक बघणंच असतं. आपल्या कोर्टावर तो निकाल बंधनकारक नाही, पण मोजमापाची कल्पना येते. रिव्ह्यू चालू असताना पार्श्वभूमीला दुसरंच हिट गाणं लावलं, तर त्याला यातलं काहीच लागू नाही. त्या गाण्याची समीक्षा तुम्ही केलेली नसते.

आता सगळ्यात गोंधळाची गोष्ट: क्लेम आणि स्ट्राइक. लोक दोन्हीला ‘कॉपीराइट आला’ म्हणतात, पण दोन्हींत सर्दी आणि निमोनियाइतका फरक आहे.

क्लेम मशीन लावतं. मालकाने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडी यंत्रणेत ठेवलेलं असतं आणि ती प्रत्येक नव्या व्हिडिओशी ते ताडून पाहते. जुळलं की मालकाने आधी ठरवलं असेल तसं होतं: व्हिडिओ अडवणं, त्याच्या जाहिरातीचा पैसा घेणं, किंवा नुसतं लक्ष ठेवणं. चॅनेलला धोका नसतो. स्ट्राइक ही मालकाने केलेली कायदेशीर तक्रार. व्हिडिओ जातो, आणि ९० दिवसांत तीन झाल्या की चॅनेलही जातं. घाबरून व्हिडिओ डिलीट केल्याने स्ट्राइक जात नाही. मालकाने तक्रार मागे घेणं, ९० दिवस काढणं (पहिल्या वेळी यूट्यूबची कॉपीराइटची छोटी शाळाही करावी लागते), किंवा प्रतिनोटीस (‘तक्रार चुकीची आहे’ असं कायदेशीर उत्तर) देणं, एवढेच मार्ग.

क्लेमवर हरकत घेतली की समोरच्याला ३० दिवस मिळतात. त्याने फेटाळली तर अपील, त्यावर ७ दिवस. अपीलही नाकारून त्याने व्हिडिओ उतरवायला सांगितलं तर क्लेमचा स्ट्राइक होतो. म्हणून अपील आवेशात करायचं नसतं. पैशाचं गणित असं: क्लेम आल्यापासून ५ दिवसांत हरकत घेतली तर पहिल्या दिवसापासूनचा पैसा बाजूला ठेवला जातो आणि निकालानंतर जिंकणाऱ्याला मिळतो. उशीर केला तर हरकतीच्या तारखेपासूनचाच. पूर्वी हीही सोय नव्हती. फेब्रुवारी २०१६ मध्ये याच डग वॉकरने, जाहिरातीचं उत्पन्न बंद पडल्यावर, ‘रास्त वापर आहे कुठे?’ अशा अर्थाचा व्हिडिओ काढला. त्यावर अनेक समीक्षकांनी ओरड केली आणि एप्रिल २०१६ मध्ये यूट्यूबने वादाच्या काळातला पैसा राखून ठेवायचं जाहीर केलं. त्याच्या कारकिर्दीतली ही कमाई इतरांच्या खिशात जास्त पडली.

प्रतिनोटीस दिली की तक्रारदाराला १० कामकाजी दिवसांत कोर्टात गेल्याचं दाखवावं लागतं, नाहीतर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण प्रतिनोटीशीत तुमचं खरं नाव आणि पत्ता असतो, आणि ते थेट समोरच्याकडे जातं. अमळनेरच्या गल्लीतला पत्ता मुंबईच्या कंपनीच्या वकिलाला कळवतो आहोत, हे ध्यानात ठेवून सही करावी.

खानदेशात क्लेम येण्याचं एक खास कारण म्हणजे डीजे. कानबाईच्या विसर्जनाचा, सारंगखेड्याच्या यात्रेचा किंवा वरातीचा प्रसंग शूट केला आणि मागे डीजेवर सिनेमातलं गाणं वाजत असेल, तर मशीन ते बरोबर पकडतं. बोलण्याच्या मागे ऐकू येणारं गाणंही सुटत नाही. यूट्यूब स्टुडिओत तो तुकडा कापणं, गाणं बदलणं किंवा फक्त गाणं गप्प करणं असे पर्याय मिळतात. व्हिडिओ आधी ‘प्रायव्हेट’ ठेवून चढवावा, तपासणीचं पान पूर्ण होऊ द्यावं, मगच जाहीर करावा. कानबाईच्या पारंपरिक गाण्यांची गंमत वेगळी. ओवी, चाल कुणाच्या मालकीची नाही, पण तिचं एखाद्या कंपनीने केलेलं रेकॉर्डिंग त्या कंपनीचं असतं. घरातल्या आजीने गायलेलं वापरा, अडचण नाही. तरी मशीनने चुकून क्लेम लावला तर हरकतीत ‘पारंपरिक गीत, स्वतः केलेलं रेकॉर्डिंग’ एवढं स्वच्छ लिहायचं.

क्लिपच वापरायची नाही, हा उपाय मालेगावने कधीच शोधला होता. शेख नासिर आणि मंडळींनी गाजलेल्या हिंदी सिनेमांची विडंबनं केली ती प्रसंग स्वतः करून. घोड्यांच्या जागी सायकली आल्या आणि विनोद आपोआप झाला. वॉकरही पुढे नव्या सिनेमांसाठी याच वाटेला लागला. क्लिप न घेता आपल्याच नटांकडून प्रसंग करून घ्यायचे आणि त्यातच टीका करायची. पैसा आणि दिवस जास्त लागतात, पण कंटेंट आयडीला जुळवायला काही सापडत नाही. मशीन चुकलं म्हणून कायदा सुटला असं मात्र नाही. कथा आणि संवाद जसेच्या तसे उचलले तर प्रश्न उरतोच.

दुसरी बाजू, ज्याच्यावर हसलो तो माणूस. भारतीय न्याय संहितेचं कलम ३५६ मानहानीचं आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड किंवा समाजसेवा. त्यात एक अपवाद समीक्षकासाठीच असल्यासारखा आहे: लोकांपुढे मांडलेल्या कलाकृतीबद्दल सद्हेतूने दिलेलं मत. कायद्यानेच उदाहरण दिलंय. ‘पुस्तक मूर्खपणाचं आहे, त्यावरून लेखक कच्चा दिसतो’ हे चालतं. ‘पुस्तक मूर्खपणाचं असणारच, कारण लेखकच कच्चा आणि बदफैली आहे’ हे चालत नाही. पहिल्यात मत कृतीतून निघालं, दुसऱ्यात माणसावरून. आपल्या भाषेत, ‘हाई गानं फालतू शे’ म्हणायला मोकळीक आहे. ‘गानारा दारुड्या शे, म्हनीसन गानं फालतू शे’ म्हटलं की पुरावा तुम्ही आणायचा.

यूट्यूबचा नियम याहून कडक असू शकतो. मे २०२० मध्ये कॅरी मिनाटी म्हणजे अजय नागर याचा टिकटॉकवाल्यांवरचा प्रचंड गाजलेला व्हिडिओ छळवणुकीच्या धोरणाखाली उतरवला गेला. कोर्टाचा संबंधच आला नाही. आणि आपल्याकडे आणखी एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. भिल्ल, पावरा, कोकणा माणसाची बोली किंवा पेहराव यावर हसणं काही चॅनेलांना फुकटचा विनोद वाटतो. जातीवरून अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा लागतो आणि त्यात साधारणपणे अटकपूर्व जामीन नाही. कायदा बाजूला ठेवला तरी तो विनोद आळशीच आहे.

पैशाचं थोडक्यात. जाहिरातींसाठी १,००० सबस्क्रायबर आणि १२ महिन्यांत ४,००० तासांचं पाहणं, किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सवर १ कोटी व्ह्यूज लागतात. मोठ्या व्हिडिओवरच्या जाहिरातीचा ५५ टक्के वाटा तुमचा. मध्येच जाहिरात टाकायची तर व्हिडिओ किमान ८ मिनिटांचा हवा. १० डॉलर जमले की पत्त्याच्या खात्रीसाठी पिनचं पत्र पोस्टाने येतं, १०० डॉलर झाल्यावर पैसे. पत्र खेड्यात हरवतं ते बहुधा पत्त्यामुळे. गाव, पोस्ट, तालुका, पिनकोड नीट लिहा आणि पोस्टमनला आधी सांगून ठेवा. अमेरिकेतल्या प्रेक्षकांच्या कमाईवरचा कर कमी कापला जावा म्हणून कराचा फॉर्मही भरायचा असतो, तो राहून जातो.

आता तिसरी बाजू. वॉकरच्या वेबसाइटवर एकटा तोच नव्हता, कितीतरी समीक्षक जोडले गेले होते. २०१० ते २०१२ दरवर्षी वर्धापनदिनाला सगळे मिळून एक लांबलचक सिनेमा करायचे. प्रेक्षकांना वाटायचं, काय मजेची दोस्तमंडळी आहे! एप्रिल २०१८ मध्ये माजी सहकाऱ्यांनी सत्तरहून जास्त पानांचा दस्तऐवज उघड केला. आरोप होते ते कॅमेऱ्यामागचे: सिनेमांसाठी मोबदला नाही, सेटवर तासन्‌तास काम आणि खाण्यापिण्याची आबाळ, व्यवस्थापनाचं तुसडं बोलणं, निर्णय कुणी कळवत नाही. संस्थेचं उत्तर ‘तुम्हाला तसं वाटलं याची खंत आहे’ या थाटाचं आलं आणि त्याने आगीत तेल पडलं. उरलेल्यांपैकी बहुतेक सोबती निघून गेले, सबस्क्रायबर हजारोंनी घटले. हक्कवाल्या कंपन्यांना दहा वर्षांत जे जमलं नव्हतं ते जेवणाच्या डब्यांनी केलं, असं म्हटलं तर फार चूक नाही. वॉकरचा कार्यक्रम पुढे चालू राहिला, पण मंडळी राहिली नाहीत.

गावातलं चॅनेल अगदी याच वाटेने जातं, फक्त दस्तऐवजाच्या जागी व्हॉट्सॲप स्टेटस असतं. चॅनेल एकाच्या जीमेलवर, ॲडसेन्स (जाहिरातीचे पैसे जमा होतात ते गूगलचं खातं) दुसऱ्याच्या भावाच्या नावावर, पासवर्ड एडिटरकडे, आणि ‘आबा’ हे पात्र करणारा चौथाच. पैसा येत नाही तोवर सगळे भाऊ. त्यामुळे कामं आधी करायची. पासवर्ड वाटण्याऐवजी चॅनेलच्या परवानग्यांत प्रत्येकाला भूमिका द्या: मालक एक, व्यवस्थापक एक, एडिटरला फक्त एडिटरची. करार ५०० रुपयांच्या मुद्रांकावर, सगळ्यांच्या सह्यांनी. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हक्क लेखी आणि सहीनेच दुसऱ्याकडे जातात. मुदत लिहिली नाही तर ५ वर्षंच धरली जातात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. नाशिकच्या एडिटरने बनवलेलं चॅनेलचं गाणं सहाव्या वर्षी त्याचं परत होऊ शकतं ते यामुळे. शूटिंगच्या दिवसाचा दर, जेवण, पेट्रोल आणि पैसे कधी देणार ती तारीख, हेही त्याच कागदावर लिहा. ‘नंतर बघू’ हा शब्द तिथं नको.

पात्राचं कलम शेवटी ठेवलं जातं आणि सगळ्यात जास्त वेळ तेच खातं. वॉकरने स्वतः २०१२ मध्ये आपल्या क्रिटिकचा शेवट करून नवा कार्यक्रम काढला होता. तो चालला नाही आणि २०१३ च्या सुरुवातीलाच क्रिटिकला परत आणावं लागलं. प्रेक्षक माणसाला नाही, टोपी-टाय घातलेल्या पात्राला सबस्क्राइब झालेला असतो. म्हणून ‘आबा’चा नट टीम सोडून गेला तर धोतर-टोपी, ती लकब आणि ते नाव कोण वापरणार: तो, चॅनेल, की दोघंही नाही, आणि जुन्या व्हिडिओंच्या कमाईतला त्याचा वाटा किती वर्षं चालू राहणार, हे आकड्यात लिहून त्याखाली त्याचीच सही घ्यायची.